काट्याला जेवढं कळतं तेवढंच

नमस्कार, श्रोतेहो.

द्राक्षांचे दिवस आहेत, तेव्हा गोष्ट बागेतूनच सुरू करते. गेल्या आठवड्यात पिंपळगावकडे भावाच्या बागेत गेले होते. माल किती निघेल, याचा अंदाज भाच्याला काढायचा होता. सात घड काट्यावर ठेवले, 2.9 किलो भरले. मोबाइलवर भागाकार केला, एक घड 0.4142857 किलोचा. झाडं 900, विरळणीनंतर प्रत्येकावर मोजून 30 घड. "आत्या, 11,185.71 किलो!"

मी विचारलं, "अरे, हे वरचे 710 ग्रॅम कुठून आणलेस?"

त्यांचा काटा किलोच्या दहाव्या भागापर्यंतच दाखवतो. म्हणजे खरं वजन 2.85 ते 2.95 यांच्यामध्ये कुठेही असेल. दोन्ही टोकं धरून पुन्हा हिशेब केला. माल 10,993 किलो तरी, नाहीतर 11,379 तरी. जवळजवळ 400 किलोंची तफावत, आणि आम्ही ग्रॅम सांगत होतो! (सात घडांवरून अख्खी बाग जोखणं हा आणखी वेगळा धोका.)

2.9 मध्ये काट्याने खरोखर सांगितलेले अंक दोनच. हेच सार्थ अंक. गुणाकार-भागाकारात ज्या मापात ते सर्वांत कमी, तेवढेच उत्तरात ठेवायचे. झाडं आणि घड मोजलेले, नेमके. त्यांची आडकाठी नाही. म्हणून उत्तर 11 टन.

शून्याकडे मात्र नीट बघावं लागतं. सराफ बाजारात काट्यावर 5.000 ग्रॅम उमटतं, तेव्हा ती तिन्ही शून्यं मिलिग्रॅमपर्यंत तोलल्याची साक्ष असतात. सार्थ अंक चार. किलोत 0.005000 लिहिलं तरी चारच, कारण पाचाआधीची शून्यं नुसती जागा धरतात.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून 1000 क्युसेक सोडले, म्हणजे सेकंदाला 28,317 लिटर, असं कुणी सांगितलं तर मला खटकतं. त्या हजारातली किती शून्यं मोजलेली आहेत, ते कळतच नाही. सुमारे 28 हजार म्हणावं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, असं सांगणारा नाशिककर कधी इंच सांगत नाही.

एक मात्र सांभाळा. मधल्या पायऱ्यांत अंक छाटू नका, मोबाइलमध्ये राहू द्या. शेवटी एकदाच छाटा.

भाच्याने वहीत 11 टन लिहिलं, आणि ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा मागायला शेजारच्या मळ्यात गेला.