तारखेऐवजी बैठक

कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळपासूनच गर्दी असते. बाकाच्या या टोकाला ती आणि तिची आई, त्या टोकाला तो आणि त्याचा थोरला भाऊ. गर्दी असूनही मधली जागा रिकामीच. नंबर पुकारतात, पुढची तारीख पडते, आणि दोघं एकमेकांकडे न बघता जिना उतरतात.

याच आवारात मध्यस्थी कक्ष आहे. तिथे साक्षीदाराचा पिंजरा नाही. एक टेबल, चार-सहा खुर्च्या. मध्यस्थ निकाल देत नाही. तो आधी दोघांचं एकत्र ऐकतो, मग एकेकाला वेगळं बसवून ऐकतो. एकट्यानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय समोरच्याच्या कानावर जात नाही. बोलणी फिसकटली, तरी इथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही.

म्हणून माणसं इथे मोकळी होतात. अर्जात पोटगीचा आकडा असतो, मुलीचा ताबा असतो. खोलीत निघतं ते वेगळंच. आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या सासरच्या कपाटात अडकल्यात, त्या हव्यात. मुलीला रविवारी किती वाजता आणून सोडायचं? सहाला की सातला? सात वाजले तर तिचं जेवण कुणाकडे? एवढ्यावर तासभर जातो. अखेर कागदावर येतं : 'रविवारी सात वाजता, जेवून.' हे ठरवायला आईबापांसारखं दुसरं कुणी नाही.

कुटुंब न्यायालयाच्या 1984च्या कायद्यातच, कलम 9मध्ये, आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य मानलंय. समेट म्हणजे पुन्हा एकत्र नांदणंच असं नाही; नीट वेगळं होणंही त्यात येतं. संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबावं लागतं. पण दीड वर्षापेक्षा जास्त काळ वेगळे राहिलेल्या, पोटगी आणि ताब्याचं मनापासून मिटवलेल्या जोडप्याला न्यायालय ती मुदत माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017मध्ये सांगितलं.

लवादाचं मात्र वेगळं आहे. लवाद निवाडा देतो, आणि तो पाळावा लागतो. भावाभावांची दुकानाची, घराची वाटणी सर्वांच्या लेखी संमतीनं लवादाकडे नेता येते. घटस्फोट किंवा मुलांचा ताबा नाही. 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं. गावाकडे अजूनही चार माणसं बसवून स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतात. जिथे तशी रूढी कायद्यानं सिद्ध होत नाही, तिथे त्या कागदावर लग्न मोडत नाही. त्यावर विसंबून दुसरं लग्न केलेल्यांचे, आणि विशेषतः बायकांचे, फार हाल होतात.

आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जिथे मारहाण आहे, जिथे ती बोलण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे बघते, तिथे टेबलाभोवती बसलेले दोघं बरोबरीचे नसतात. अशा वेळी 'जरा जुळवून घे' म्हणणं हा अन्याय आहे. तिला आधी संरक्षण हवं. 2005च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं त्यासाठी संरक्षण अधिकारी दिलाय.

टेबलावर कागद तयार आहे. मध्यस्थ एकेक कलम मोठ्यानं मराठीत वाचतो, थांबतो, विचारतो, "ताई, समजलं? मान्य आहे?" मग दादांना तेच. पाटल्यांच्या कलमापाशी ती पेन खाली ठेवते. "किती तोळे, तेही लिहा."

मध्यस्थ ओळीच्या वर जागा शोधून लिहितो : 'चार तोळे.' नवरा मान हलवतो. मग दोघं सही करतात.