मतपत्रिकेवर लग्न, प्रचारात मुलं

नमस्कार मंडळी. कल्पना करा, तुमचं लग्न कायद्यानं मान्य करायचं की नाही, हे अख्खा देश मत टाकून ठरवणार आहे. तैवानमधल्या समलिंगी जोडप्यांवर 24 नोव्हेंबर 2018 ला ही वेळ आली.

खरं तर न्यायालयात ती आधीच जिंकली होती. ची चिया-वेई हा कार्यकर्ता 1986 पासून लग्नाचा हक्क मागत होता. 24 मे 2017 ला घटनात्मक न्यायालयानं निकाल दिला: हा हक्क नाकारणं घटनाविरोधी आहे, दोन वर्षांत कायदा करा. त्याच वर्षाच्या शेवटी सार्वमताचे नियम सोपे झाले. मतदारांच्या दीड टक्के सह्या जमवल्या की प्रश्न थेट मतपत्रिकेवर! विरोधकांनी ही वाट बरोबर हेरली.

त्यांच्या आघाडीचं नावच बघा. 'पुढच्या पिढीचं सुख'. त्यात लग्नाचा शब्द नाही, विरोधाचा तर नाहीच. आघाडीला बळ होतं चर्चमधल्या गटांचं, पण तैवानमध्ये ख्रिस्ती लोक थोडे. धर्मग्रंथ दाखवून मतं मिळाली नसती. मग बोलायचं कशावर? आईबापांच्या काळजीवर. कायद्यातून 'आई' आणि 'वडील' हे शब्द जातील, शाळेत मुलांना काय शिकवतील, देशात एड्स पसरेल, असे मेसेज लाईन या ॲपवरून घरोघरच्या ग्रुपवर फिरले. आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर येतात ना, अगदी तसे. पाठवणारी सख्खी मावशी असली की आपण तपासत बसत नाही.

प्रश्नही नीट विचार करून तीन भागांत मांडले. एक, नागरी कायद्यातलं लग्न स्त्री-पुरुषापुरतंच ठेवावं का? दुसरा, शाळांमध्ये समलिंगी विषयाचं शिक्षण नको का? आणि तिसरा जरा मवाळ: या जोडप्यांच्या सहजीवनाला वेगळ्या मार्गानं संरक्षण द्यावं का? या तिसऱ्या प्रश्नामुळे मनात खळखळ असलेल्या माणसालाही वाटतं, आपण कुणावर अन्याय करत नाही आहोत. मला हाच डाव सगळ्यात परिणामकारक वाटतो, आणि म्हणूनच सगळ्यात दुखवणारा.

पहिल्या प्रश्नाला 72 टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं. सुमारे 76 लाख मतं! रांगेतल्या कितीतरी समलिंगी मुलामुलींच्या पुढे-मागे त्यांचेच नातेवाईक उभे असतील. ती रात्र त्यांनी कशी काढली असेल?

पण न्यायालयाचा निकाल सार्वमतानं पुसता येत नव्हता. म्हणून सरकारनं नागरी कायद्याला हात न लावता वेगळा कायदा आणला. त्याच्या नावात 'विवाह' नाही, 'समलिंगी' नाही; नाव आहे 'निर्वचन क्रमांक 748 चा अंमलबजावणी कायदा'. 748 म्हणजे न्यायालयाच्या त्या 2017 च्या निकालाचा क्रमांक. 17 मे 2019 ला, बाहेर पावसात हजारो लोक थांबलेले असताना, तो 66 विरुद्ध 27 मतांनी मंजूर झाला. 24 मे ला जोडपी नोंदणीला गेली, आणि हे आशियात पहिल्यांदाच घडत होतं.

मुलांच्या बाबतीत मात्र त्या प्रचाराची सावली उरली. नव्या कायद्यात जोडीदाराचं पोटचं मूल तेवढं दत्तक घेता येत होतं. लग्नाआधी एकट्यानं दत्तक घेतलेलं मूल घरात दोघांनी वाढवलं, तरी कायद्यानं पालक एकच. दुसरा माणूस त्या मुलाचा कागदोपत्री कुणीच नाही. ही तरतूद बदलायला 16 मे 2023 उजाडावा लागला. म्हणजे ज्यांच्या सुखाच्या नावानं मतं मागितली, त्यांतल्याच काही मुलांना दुसऱ्या पालकासाठी चार वर्षं थांबावं लागलं.