डिसेंबरातली चौदा तासांची रात्र

(दृश्य : सपाट वाळवंट, दूरवर विखुरलेले ट्रेलर, मागे उघडे डोंगर.)

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ, क्वार्ट्झसाइट नावाचं छोटं गाव आहे. हिवाळा लागला की उत्तरेकडच्या बर्फातून निघालेले ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची घरं, इथे येऊन थांबतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा हा मोठा तळ आहे. जमीन केंद्र सरकारची, देखरेख ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात इथे मुक्काम करता येतो. पाणी भरायची आणि सांडपाणी सोडायची सोय आहे. विजेची जोडणी मात्र नाही.

छपरावर सौर पॅनेल आणि आत बॅटरी, एवढ्यावर घर चालवायचं. नवा माणूस आधी पॅनेल किती वॅटचं घ्यावं ते विचारतो. मला वाटतं, विचाराची सुरुवात रात्रीपासून करावी. डिसेंबरात इथला दिवस जेमतेम १० तासांचा. उरलेले १४ तास सगळा भार बॅटरीवर.

(दृश्य : ट्रेलरच्या आत. हीटर सुरू झाल्याचा आवाज.)

त्या रात्रीत वीज खातं कोण? एलईडी दिवे किरकोळ. फोनही किरकोळ. सगळ्यात जास्त नेतो तो हीटर. तो गॅसवर चालतो, म्हणून विजेच्या हिशेबात त्याला कुणी धरतच नाही. पण गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा बॅटरीवर फिरतो आणि सात-आठ अँपिअर ओढतो. वाळवंट रात्री झपाट्याने गारठतं. एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-तास. १० तासांत हा पंखा निम्मा वेळ फिरला, तरी ३५ ते ४० अँपिअर-तास खर्ची पडले. आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असते तशी लेड-ॲसिड बॅटरी असेल, तर १०० अँपिअर-तासांतले ५०च वापरावेत. रोज त्याखाली उतरवली तर ती लवकर निकामी होते. त्यात फ्रिज बॅटरीवरचा असला, की उजाडायच्या आतच ही मर्यादा ओलांडलेली असते.

म्हणून बरेच जण पंखा नसलेला छोटा गॅस हीटर बसवतात. वीज वाचते, पण त्याची ज्योत खोलीतलाच प्राणवायू घेते. तेव्हा खिडकीला फट ठेवायची, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते बघायचं, आणि झोपताना हीटर बंद करून जाड पांघरूण घ्यायचं. यात कसूर नको. इथे प्रश्न जिवाचा आहे.

(दृश्य : सकाळ. छपरावरचं पॅनेल तिरपं करणारे हात.)

आता ऊन. वाळवंट म्हणजे ऊनच ऊन, हे डिसेंबरात खरं नाही. माध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून ३३ अंशांच्या आसपासच चढतो. छपरावर आडव्या पडलेल्या पॅनेलला तेव्हा थेट उन्हाचा निम्म्याहून थोडाच जास्त वाटा मिळतो. तेच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून चांगलं उभं कललं, की जवळजवळ पूर्ण ऊन अंगावर घेतं. नवं पॅनेल विकत घेण्याआधी ते कलवायच्या पट्ट्या घ्याव्यात. वारा सुटला की मात्र लगेच खाली घ्यायचं. छपरावरच्या एसीच्या खोक्याची सावलीही टाळायची. एका कोपऱ्यावर पडलेली सावली अख्ख्या पॅनेलची वीज पाडू शकते.

मग दिवसाची कामं उन्हाच्या वेळेवर लावायची. लॅपटॉप दुपारी चार्ज करायचा. मायक्रोवेव्ह लावायचाच तर भर उन्हात : १५०० वॅट म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअर. स्वयंपाक गॅसवरच बरा. आणि निजताना इन्व्हर्टर बंद करायचा, कारण काहीही चालू नसलं तरी तो स्वतःपुरती वीज खात राहतो.

(दृश्य : भिंतीवरचा मीटर, बदलणारे आकडे.)

हल्ली बरेच जण लिथियम बॅटरी घेतात, लिथियम आयर्न फॉस्फेटची. वजनाला हलकी, आणि साठ्यातला बहुतेक भाग वापरता येतो. पण तिचा व्होल्टेज बराच काळ १३च्या आसपास टिकून राहतो आणि रिकामी होताना एकदम कोसळतो. व्होल्टेज बघून शिल्लक कळत नाही. त्यासाठी आत आलेले आणि बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा मीटर लागतो. मुक्कामात रोज संध्याकाळी बघायचा आकडा तो हाच.

ढग दोन दिवस हटले नाहीत, तर जनरेटर काढावा लागतो. तळावर रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ आहे. जनरेटर सकाळी लावलेला चांगला : रिकामी बॅटरी भराभर चार्ज घेते. लेड-ॲसिडचा शेवटचा भाग फार सावकाश भरतो, तो उन्हावर सोडायचा.

क्वार्ट्झसाइटहून काही ट्रेलर पुढे याच राज्यातल्या फ्लॅगस्टाफला जातात, २१०० मीटर उंचीवर. तिथे हिवाळ्यात गोठवणारी थंडी असते, आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की आतून कायमची खराब होते. तिकडे निघण्याआधी बॅटरी बाहेरच्या पेटीतून काढून पलंगाखाली, उबेत आणून बसवायची.