अंग आंबलं, आता काय खायचं?

(पडदा काळा. लोखंडी प्लेट जमिनीवर टेकल्याचा आवाज. मग शेकरचा खडखडाट.)

हा दुसरा आवाज ओळखलात? प्लास्टिकच्या बाटलीत तारेचा गोळा आपटतोय. व्यायामशाळा कुठलीही असो, शेवटच्या सेटच्या पाठोपाठ हा आवाज येतोच. बार रॅकवर ठेवून या तरुणाला जेमतेम मिनिट झालंय. घाम वाळलेला नाही, श्वास जागेवर आलेला नाही, पण नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलं नाही तर आजची सगळी मेहनत पाण्यात, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. कुणी, ते त्याला आठवत नाही. बाटलीतली पावडर पाण्यात विरघळू द्या. तोवर आपण त्याच्या दंडात डोकावू.

(बारबेल खाली येताना. संथ गती.)

वजन वर जाताना पाहू नका, खाली येताना पाहा. इथे दंडाचा स्नायू एकाच वेळी ताणला जातोय आणि आकसण्यासाठी जोरही लावतोय. उतारावरून पळताना मांड्यांचं हेच होतं. या ओढाताणीत स्नायूतंतूंच्या आतली बारीक वीण जागोजागी विस्कटते. तिथे सूज येते, आणि दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, अंग आंबलं.

शब्द झकास आहे, पण तो ऐकून घोटाळा होतो. आंबलं म्हणजे आत आम्ल साठलं असणार, असं वाटतं. लॅक्टिक ॲसिडवर हा आळ जगभर घेतला गेला. प्रत्यक्षात व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून ओसरतं, आणि दुखणं कळसाला पोचतं ते २४ ते ७२ तासांच्या दरम्यान. चोरी झाली तेव्हा गावातच नसलेल्याला धरून आणावं, तसला हा प्रकार.

(सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूचा छेद. आडवे गडद-फिके पट्टे.)

हे पट्टे म्हणजे ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांची शिस्तीत लावलेली रांग. ही रांग कायमची नसते. जुनं प्रथिन मोडायचं आणि नवं जोडायचं काम दिवसरात्र चालू असतं, व्यायाम करा अथवा करू नका. व्यायामानंतर जोडणी वेगात येते, पण मोडणीही वाढते. पोट रिकामं असेल तर हिशेबात शेवटी तूटच उरते. जेवणातून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे सुटे मणी, आली की पारडं फिरतं. त्यातलं ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल तर पेशीला कामाला लागण्याची वर्दीच देतं. आणि व्यायामामुळे जागा झालेला स्नायू पुढचा निदान एक दिवस या अन्नाला नेहमीपेक्षा जास्त दाद देतो. एक दिवस. शेकरवाल्याच्या घड्याळात मात्र अर्धाच तास आहे.

(काचेचं भांडं. कोमट दूध. लिंबाचे थेंब.)

आता हे भांडं नीट बघा, कारण शेकरमधल्या पावडरीचा जन्म इथे होतो. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी. प्रथिनं १०० मिलीलिटरमागे तीन-सव्वातीन ग्रॅम. त्यातली ८० टक्के केसीन नावाची, बाकीची २० टक्के व्हे प्रथिनं. दोघं एकाच दुधात नांदतात, पण आम्लाशी गाठ पडली की वाटा वेगळ्या होतात. लिंबू पडतंय. क्षणभर काहीच नाही. मग पृष्ठभागावर भेगा, भेगांमधून पाणी, आणि बघता बघता पांढरे गोळे एकीकडे, पिवळसर हिरवी निवळी दुसरीकडे. निवळीचा तो रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. गोळ्यांत आहे केसीन. न उकळलेल्या दुधातली व्हे प्रथिनं मात्र त्या निवळीतच राहतात.

चीज करणाऱ्यांना हवे होते गोळे. दहा किलो दुधातून सुमारे एक किलो चीज निघायचं आणि नऊ किलो निवळी उरायची. तिचं करायचं काय, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न. डुकरांना पाजली, शेतात ओतली, नदीनाल्यात सोडली. नदीत सोडली की तिच्यावर पोसणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवून टाकत आणि मासे मरत. पुढे १९७०च्या दशकापासून उद्योगात बारीक छिद्रांच्या पडद्यांमधून गाळण्याचं तंत्र रुळलं. पाणी, साखर आणि क्षार पडद्यापार जातात, प्रथिन अलीकडे अडकतं. ते गरम हवेच्या झोतात फवारून सुकवलं की पावडर तयार. काल जिची विल्हेवाट लावणं ही कटकट होती, तीच आज झाकणबंद डब्यात बसून कपाटाच्या वरच्या फळीवर विराजमान आहे. पावडर वाईट आहे, असं इथे म्हणायचं नाही. ती दूधच आहे, दुधातल्या प्रथिनांचा पाचवा हिस्सा. फक्त तिला औषधाचा मान कुणी दिला, एवढंच विचारायचं.

(तेच भांडं, जवळून. गोळे हळूहळू तळाशी बसताना.)

जठरातही थोडंफार हेच घडतं. केसीनचे गोळे होतात आणि ते रेंगाळत पचतात. व्हे पातळ राहून पटकन पुढे सरकतं. १९९७ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी याचा छडा लावला. त्यांनी गायींना खूण केलेलं ल्युसीन टोचलं. खूण दुधात उतरली, दुधातून प्रथिनांत आली, आणि ती प्रथिनं प्यायलेल्या माणसांच्या रक्तात तिचा माग काढता आला. व्हेची अमिनो आम्लं झटकन चढली आणि उतरली. केसीनची सात तासांपर्यंत झिरपत राहिली. दूध प्यायलं की दोन्ही मिळतात, घाईवालं आणि निवांतही.

(उकळत्या पाण्यात अंडी. टवका उडताना. पिवळ्या बलकावरून हलणारा कॅमेरा.)

अंड्याबद्दल थोडक्यात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिन. २००९ साली कॅनडातल्या एका प्रयोगात तरुणांना व्यायामानंतर अंड्याचं प्रथिन वेगवेगळ्या मात्रेत दिलं : शून्य, ५, १०, २० आणि ४० ग्रॅम. २० ग्रॅमपर्यंत स्नायूची जोडणी वाढत गेली, तिथून पुढे फारशी नाही. म्हणजे तीन-चार अंडी, किंवा दोन अंडी आणि मोठा पेलाभर दूध. मांसाहारी असाल तर तळहाताएवढा चिकनचा किंवा माशाचा तुकडा पुरे. अंडीही चालत नसतील तर कडधान्य आणि धान्य एकत्र खा. कडधान्यात लायसीन हे अमिनो आम्ल भरपूर आणि मेथिओनीन हे दुसरं कमी, धान्यात नेमकं उलट. फक्त ताट थोडं मोठं घ्यावं लागतं, कारण वनस्पतींच्या प्रथिनात ल्युसीन बेताचं असतं.

कच्ची अंडी फोडून गटागटा पिणारे वीर आजही भेटतात. शिजवलेल्या अंड्यातलं ९० टक्के प्रथिन शरीरात शोषलं जातं, कच्च्यातलं जेमतेम अर्धं. निम्मं अंडं वाया घालवण्यात कसला पराक्रम? आणि तो बलक काढून टाकू नका. २०१७मध्ये एका गटाने पाहिलं की व्यायामानंतर प्रथिन सारखंच असलं, तरी नुसत्या पांढऱ्यापेक्षा अख्ख्या अंड्याने स्नायूची जोडणी जास्त वाढली.

(एक स्थिर सायकल. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस. दोघांचा एकेक पाय पेडलवर.)

हे दृश्य विनोदी दिसतंय, हे मान्य. आम्ही ते मुद्दाम पुन्हा उभं केलं, कारण व्यायामानंतरच्या जेवणाबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच काही या एका सायकलवर कळलं. १९६०च्या दशकातलं स्वीडन. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन हे दोन वैद्यक संशोधक. बर्गस्ट्रॉम यांनी मांडीत सुई घालून स्नायूचा कणभर तुकडा काढायची पद्धत रुळवलेली होती. हे दोघं एकाच सायकलच्या दोन अंगांना बसले. एकाने डावा पाय मारायचा, दुसऱ्याने उजवा. दुसरा पाय मोकळा, आरामात. असं पार थकून जाईपर्यंत. मग दोन्ही मांड्यांत सुई. स्वतःच्याच.

दमलेल्या पायातला ग्लायकोजेनचा साठा जवळजवळ शून्यावर आला होता. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूने जागेवरच साठवून ठेवलेली साखर, त्याची स्वतःची कणगी. आरामात बसलेल्या पायाची कणगी भरलेली. पुढचे तीन दिवस दोघांनी पिष्टमय पदार्थांवर ताव मारला. तीन दिवसांनी पुन्हा सुई.

(एक पाय गोल फिरतोय, दुसरा लोंबकळतोय. निवेदन थांबतं. फक्त चाकाचा आवाज.)

तीच दोन माणसं, तेच जेवण, तेच रक्त दोन्ही पायांत फिरतंय. आराम केलेल्या पायात फारसा बदल नाही. दमलेल्या पायात साठा नुसता भरून आला नाही, दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला. १९६६ साली हे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आले. भूक पोटाला लागते असं आपण समजतो. इथे एकाच माणसाच्या दोन पायांपैकी एकच भुकेला निघाला.

म्हणून म्हणतो, या शेकरवाल्या तरुणाच्या ताटातून भात आणि बटाटा हद्दपार व्हायला नको होता. प्रोटीनच्या जयघोषात बिचाऱ्या पिष्टाला कुणी वाली उरलेला नाही. आता कणगी किती रिकामी झाली, हे व्यायामावर ठरतं. वजनं उचलणाऱ्याचा साठा थोडा उतरतो आणि पुढच्या दोन-तीन जेवणांत आपोआप भरतो. लांब पळणाऱ्याचा, तासन्‌तास सायकल मारणाऱ्याचा तळाला जातो. पुन्हा काही तासांत मैदानात उतरायचं असेल तर पहिले चार तास दर तासाला वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम पिष्ट हवं. ६० किलोच्या माणसाला तासाला ६० ते ७० ग्रॅम, म्हणजे दोन केळी आणि वर ब्रेडची एक चकती. इथे घाईला खरंच अर्थ आहे. १९८८च्या एका प्रयोगात खाणं दोन तास लांबवलं तर साठा भरण्याचा वेग जवळपास निम्म्यावर आला. पण उद्या याच वेळी भेटायचं असेल तर दोन तास इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. दिवसभरात पोटभर जेवलात की कणगी भरते.

(पुन्हा भिंतीवरचं घड्याळ. तरुण शेकर तोंडाला लावतो.)

प्रथिनाच्या अर्ध्या तासाचं काय? २०१३ साली उपलब्ध प्रयोग एकत्र करून पाहिले गेले. वेळ पाळणाऱ्यांना फायदा झालेला दिसला, पण ते एकूण प्रथिनही जास्त खात होते. तो फरक बाजूला काढल्यावर वेळेचा फायदा उरलाच नाही. म्हणजे हिशेब दिवसाचा. नेटाने व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिन पुरतं. ६० किलोला ९६ ग्रॅम, चार जेवणांत २४-२४ ग्रॅम. एखादं जेवण हुकलं तरी आभाळ कोसळत नाही : २०२३मध्ये नेदरलँड्समध्ये व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम दूधप्रथिन देऊन पाहिलं, तर शरीर ते १२ तासांहून अधिक काळ वापरत राहिलं. अगदी उपाशीपोटी व्यायाम केला असेल तर मात्र लगेच खा. त्यासाठी संशोधन कशाला, पोटच सांगतं.

(साठीच्या पुढच्या एक बाई. हातात डंबेल. मनगटाच्या शिरा.)

यांना शेकरची घाई नाही. पण प्रथिनाची गरज यांना त्या तरुणापेक्षा जास्त आहे. वय वाढलं की स्नायू त्याच घासाला कमी दाद देतो, म्हणून एका जेवणात प्रथिन जास्त घ्यावं लागतं. नेमकं याच वयात जेवण चहा-बिस्किटावर येतं.

(वजनकाटा. व्यायामाआधी आणि नंतर.)

काटा एक किलो उतरला. चरबी नव्हे, घाम. एक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी हळूहळू प्यायचं, आणि सोबत जेवणात मीठ असू द्यायचं, नाहीतर प्यायलेलं पाणी टिकत नाही. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो, म्हणून उद्या काटा वर गेला तर घाबरू नका. व्यायामानंतर मद्य घेतलं तर सोबत प्रथिन असूनही स्नायूची जोडणी सुमारे चौथ्या हिश्श्याने घटते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर यातला एकही आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

(रात्र. स्वयंपाकघरातला दिवा. तोच तरुण, ताटात भात, कालवण, उकडलेली अंडी. शेकर ओट्यावर पालथा.)

तो बोलत नाही, जेवतोय. संध्याकाळच्या व्यायामाला तीन तास उलटलेत. स्नायूच्या दृष्टीने काम आत्ता कुठे रंगात आलंय, आणि तो झोपल्यावरही ते चालू राहील.

(दोन दिवसांनंतर. जिना. कठड्याला धरून, एकेक पायरी, आडव्या पावलांनी उतरणारे पाय.)

मांड्या अजून आंबलेल्या आहेत. हे जेवणाने टळत नाही. एका हातात केळं आहे.

(पाय शेवटच्या पायरीवर थांबतात. पुन्हा प्लेट टेकल्याचा आवाज.)