पाकाची तार आणि मावशींचे नाक

श्रोतेहो, नमस्कार. अळंबी म्हटली की डोळ्यांसमोर छत्री येते. परंतु आज ज्या अळंबीविषयी बोलायचे आहे तिला छत्री येतच नाही, कारण ती साखर घातलेल्या पाण्यात बुडून वाढते. रेशी ही औषधी अळंबी लाकडाच्या भुशावर घेतली, तर छत्री काढणीस येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. तिचेच तंतू ग्लुकोज, यीस्टचा अर्क आणि थोडे क्षार घातलेल्या निर्जंतुक पाण्यात सोडून, २५ ते २८ अंश तापमानात सतत हलवत ठेवले, तर दहा-बारा दिवसांत साबुदाण्यासारखे गोळे तयार होतात. हे गोळे म्हणजे जैवभार. गोळ्यांमध्ये आणि भोवतालच्या पाण्यात असतात त्या बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या लांबच लांब साखळ्या. जपानमध्ये १९७७ पासून ट्रॅमेटिस या अळंबीच्या वाढवलेल्या तंतूंमधून काढलेले औषध कर्करोगाच्या उपचारांच्या जोडीला दिले गेले. जोडीला, उपचारांऐवजी नव्हे, हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो.

आता माझी फजिती ऐका. जळगावातील मे महिना होता आणि ग्लुकोजचा खर्च वाचवावा म्हणून मी गूळ वापरला होता. आठव्या दिवशी चंबू तिरका करून पाहिला, तर द्रव पाकासारखा तार धरत होता. बहुशर्करा वाढल्या की द्रव दाट होतो, हे मी वाचलेले होते. बहुशर्करा अल्कोहोलमध्ये खाली बसतात, म्हणून गाळलेल्या द्रवात चौपट अल्कोहोल ओतून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, आणि सकाळी तळाशी पांढऱ्या धाग्यांचा जाड थर बसलेला पाहून मला आकाश ठेंगणे झाले. फिनॉल आणि गंधकाम्ल घालून चाचणी केली. तिनेही भरपूर साखर दाखवली.

प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या एक मावशी होत्या. उरलेले चंबू त्यांच्याकडे गेले. त्यांनी चंबूच्या तोंडाचा कापसाचा बोळा काढला, वास घेतला आणि म्हणाल्या, “भाऊ, हाई आंबी गयं.” मी हसलो. परंतु ज्या बाईने जन्मभर बिबड्यांसाठी, म्हणजे आपल्या खानदेशी पापडांसाठी, ज्वारी तीन-तीन दिवस भिजवली, आणि आंबणे कुठे थांबवायचे ते केवळ वासावरून ठरवले, तिच्या नाकाला हसणे हा माझाच अडाणीपणा होता. (बाजारच्या बिबड्यांना तो आंबूसपणा हल्ली राहिलेला नाही, असे माझे मत आहे, पण ते असो.) सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला, तेव्हा रेशीच्या तंतूंमध्ये दांडीच्या आकाराचे असंख्य जिवाणू वळवळत होते.

गुळात मातीतल्या जिवाणूंचे चिवट बीजाणू असतात. त्यांतले काही जिवाणू उसाच्या साखरेपासून लेव्हान नावाची स्वतःची बहुशर्करा बनवतात. तीही तार धरते, तीही अल्कोहोलमध्ये खाली बसते आणि चाचणीत तीही साखर म्हणूनच मोजली जाते. म्हणजे मी जिवाणूंचे पीक रेशीच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो!

मग हे बीजाणू वाचले कसे? आपला कुकर आठवा. मी निर्जंतुकीकरणाच्या कुकरमध्ये चंबू दाटीवाटीने भरले होते आणि आतली हवा पूर्ण निघण्याआधीच झडप बंद केली होती. हवा अडकली की काटा १५ पौंड दाब दाखवतो, पण आत १२१ अंश तापमान होत नाही. हवा आधी जाऊ द्यावी, दाब नंतर धरावा आणि वीस मिनिटे त्यानंतर मोजावीत. पुन्हा सांगतो: आधी हवा, मग दाब, मग घड्याळ.

पुढच्या खेपेला तार अर्धीसुद्धा नव्हती. गोळे मात्र टणक होते आणि त्यांच्यामधले पाणी नितळ होते. मावशींनी वास घेतला आणि काही न बोलता बोळा परत लावला.

ज्या तरुणांना हे करून पाहायचे आहे, त्यांनी चंबू थोडाच भरावा आणि हलवणे थांबू देऊ नये. प्राणवायू कमी पडला की गोळ्यांचा गाभा गुदमरतो. वीज दोन-चार तास जाते आणि पारा ४४ अंशांवर चढतो, अशा आपल्या मे महिन्यात सुरुवात न करता दिवाळीनंतर करावी. नमस्कार.