पार्टी म्हंजी कसली?

(माहितीपटाचं निवेदन. कंसात पडद्यावरचं दृश्य.)

(पेन्सिलीचं टोक. कागदावर एक ते पाच असे गोल.)

हा तीनचा गोल. खूण झाली. आता खोडरबर. खूण चारवर गेली. पुन्हा खोडरबर, पुन्हा तीन. या पोराच्या कागदाला तेवढ्या जागी भोक पडायचं बाकी आहे.

समोरचं वाक्य तसं साधं आहे. 'मी कामं लगेच उरकतो.' एक म्हणजे अजिबात लागू नाही, पाच म्हणजे तंतोतंत लागू. हा पोरगा सकाळी गोठा आवरून एसटीनं साताऱ्यात आलाय. प्रॅक्टिकलची वही मात्र महिनाभर अपुरी आहे. सांगा आता, कुठला गोल?

(वर्ग. खिडकीबाहेर पाऊस. अजिंक्यताऱ्यावर धुकं.)

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाचा मानसशास्त्राचा वर्ग. आज इथं पन्नास वाक्यांची प्रश्नावली भरली जातेय. तास संपेल तेव्हा प्रत्येकाच्या हातात पाच आकडे असतील. बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य आणि कल्पकता. मानसशास्त्रात या पाचांना 'बिग फाइव्ह' म्हणतात.

वजनकाट्यावर उभं राहिलं की काटा आपल्याला विचारत नाही, 'बाबा, तुझं वजन किती?' ही प्रश्नावली नेमकं तेच विचारते. तुमचं तुम्ही सांगायचं. ती त्याची बेरीज करून तुम्हालाच परत देणार.

अशा कागदांची सुरुवात युद्धामुळं झाली. 1917 साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तोफांच्या भडिमारात मनानं खचतील असे शिपाई आधीच ओळखायचे होते, आणि एवढ्या जवानांशी एकेक करून बोलायला डॉक्टर पुरणार नव्हते. रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञानं 116 प्रश्नांचा कागद केला. उत्तर हो किंवा नाही. कागद कामाला येईपर्यंत युद्ध संपलं, पण कागद राहिला. पुढं 1932 साली रेन्सिस लायकर्टनं लोकांची मतं मोजताना 'हो' आणि 'नाही'च्या मधे पायऱ्या घातल्या. आमच्या पोराचं खोडरबर झिजतंय ते त्या पायऱ्यांवर. यातलं काहीच आमच्या कॅमेऱ्यात नाही, म्हणून तुम्ही मघापासून धुकं बघताय.

(ग्रंथालय. जाडजूड कोश. पानावरून सरकणारं बोट.)

हे मात्र आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती 1831ची. हातात आहे ती पुनर्मुद्रणाची प्रत, पुठ्ठा सुटलेली.

स्वभाव कोशात शोधायची कल्पना फ्रान्सिस गाल्टनची, 1884 सालची. इंग्रजीत स्वभाव सांगणारे हजारभर तरी शब्द असावेत, असा त्याचा अंदाज. 1936 साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी वेबस्टरचा कोश फणीनं विंचरावा तसा विंचरला. शब्द निघाले 17,953. त्यातले घटकाभराचे मूड आणि नुसते शेरे बाजूला काढल्यावर, टिकाऊ स्वभाव सांगणारे साडेचार हजारांच्या आसपास उरले. पुढच्यांनी ते आणखी गाळले, लोकांना स्वतःला आणि दुसऱ्याला लावून बघायला दिले, आणि कुठले शब्द एकमेकांचा हात धरून चालतात ते गणितानं पाहिलं. जो स्वतःला बोलका म्हणतो तो बहुधा 'मी गर्दीत रमतो' असंही म्हणतो. झाले ते दोन एका पेंढीत. पेंढ्या बांधता बांधता पाच उरल्या. अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना त्या 1961 साली दिसल्या. 'बिग फाइव्ह' हे बारसं 1981चं, लुइस गोल्डबर्गनं केलेलं.

म्हणजे या पाच पेंढ्या बांधल्या गेल्या त्या इंग्रजी कोशातल्या शब्दांच्या. त्यांत मराठी माणूस मावतो का? आमची सगळी धडपड या एका प्रश्नापायी आहे.

(विद्यार्थिनी कोशातून आणि आठवणीतून शब्द फळ्यावर लिहिते आहे.)

भिडस्त. चेंगट. खमक्या. तुसडा. लाघवी. धांदरट. हेकट. सोशिक. आतल्या गाठीचा.

'भिडस्त' कुठल्या पेंढीत टाकाल? भिडस्त माणूस अबोल असतोच असं नाही. चारचौघांत तास तास गप्पा मारेल, पण उसने दिलेले पैसे परत मागायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. थोडा मनमिळाऊपणात बसेल, थोडा अंतर्मुखतेत, आणि उरलेला फळ्यावरच राहील. 'सोशिक' लिहिल्यावर वर्गातल्या मुली एकमेकींकडं बघतायत, ते तुम्हाला दिसलंच. आणि 'आतल्या गाठीचा'? खरोखर आतल्या गाठीचा माणूस 'मी आतल्या गाठीचा आहे' या वाक्यापुढं पाचवर खूण करील? केली, तर गाठ आतली राहिली कुठं?

(कोरेगाव तालुका. ओटा. सुपात वाघ्या घेवडा, दाण्यांवर लालसर रेघा. दोन बायका शेंगा सोलतायत.)

वर्गातली प्रश्नावली गोल्डबर्गनं सर्वांसाठी खुल्या केलेल्या वाक्यांच्या साठ्यातली. वापरायला परवानगी नको, पैसे नकोत, भाषांतरालाही आडकाठी नाही. भाषांतराची रीत ठरलेली आहे. एकानं मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून बघायचे. आम्ही ताडून बघितले. सगळं जुळलं. मग कागद घेऊन माझ्या आत्याकडं आलो.

पहिलंच वाक्य. 'मी पार्टीची जान असते.'

"आरं, पार्टी म्हंजी कसली? ग्रामपंचायतीची का मटणाची?"

तरी परत इंग्रजीत नेलेलं वाक्य मुळाशी शब्दन् शब्द जुळत होतं. दोन्ही टोकांना इंग्रजी येणारीच माणसं असली की ते जुळतंच. आम्ही तिथंच ओट्यावर बसून वाक्य बदललं. 'लग्नाकार्यात मी असले की माणसं हसतीबोलती राहतात.' आत्यानं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"आसंल. पन बाईमाणसानं आपल्या तोंडानं सांगायचं व्हय ते?"

आणि दोनवर खूण करायला सांगितली. गेल्या वर्षी हिच्या पुतण्याच्या हळदीला अर्धी आळी हिच्याभोवती बसलेली आम्ही पाहिली आहे.

पुढचं. 'मी फार बोलत नाही.' आत्या म्हणाली, "व्हय, न्हाय बोलत." आता हे एक की पाच, यावर आमच्यातच वाद झाला, तो आवाज आम्ही काढून टाकलाय. अशी उलटी वाक्यं मुद्दाम घातलेली असतात. काही माणसं भिडेपायी म्हणा, कंटाळून म्हणा, विचारेल त्याला 'हो'च म्हणतात. म्हणून काही वाक्यं पालथी घालायची आणि गुण देताना सहातून वजा करायचे. दोनला चार, पाचला एक. सरळ आणि पालथ्या दोन्हींना कुणी 'हो' म्हणालं, तर ते बेरजेत एकमेकांना खाऊन टाकतात.

हे आम्ही आत्याला नीट समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. मग 'मी कामं लगेच उरकते' याला व्हय म्हणाली, आणि 'मी कामं टाळते' यालाही व्हय म्हणाली.

"घरची लगीच. ब्यांकंची टाळतीच की."

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं 1968 साली यावरूनच मोठा वाद उभा केला होता. माणूस सगळीकडं सारखा वागतो हे गृहीतच कशाला धरायचं, असं त्याचं म्हणणं. तो वाद कित्येक वर्षं चालला. इथं एका शेंगेत उरकला.

'मी टापटिपीनं राहते.'

"कुनापरीस?"

कागदावर ते लिहिलेलं नाही. एकाही वाक्यापुढं 'कुणापेक्षा' लिहिलेलं नसतं.

"धाकल्या जावंपरीस व्हय. आयपरीस न्हाय."

प्रत्येकजण आपापल्या वितीनं मोजतो. घरंदाज शिस्तीत वाढलेली बाई स्वतःला गबाळी समजून तीन देते. जिच्या घरात पाय ठेवायला जागा नसते ती शेजारणीकडं बघून पाच देते. एका गावातल्या एका ओट्यावर हे असं. दोन देशांच्या सरासऱ्या शेजारी ठेवताना काय होत असेल ते बघा.

बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांत हेच झालं. शिकार, मासेमारी आणि शेती करणारी ही माणसं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 632 जणांना पाच पेंढ्यांची प्रश्नावली त्यांच्या भाषेत विचारली गेली. पाच पेंढ्या बांधल्याच जाईनात. त्याऐवजी दोन दिसल्या. एक माणसांशी वागण्याची, दुसरी कष्टाळूपणाची. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही. सून बघायला गेलं की दोनच गोष्टी इचारत्यात, म्हणाली, कामाला कशी आणि माणसाला कशी.

(पुन्हा वर्ग. मुलं बंद पाकिटं उघडतायत. वाचतायत. माना डोलावतायत.)

ही बहुतेकांना आवडणारी जागा. प्रत्येकाला सांगितलं आहे की पाकिटात तुझ्या स्वभावाचं वर्णन आहे. 'तुम्ही वरून शांत दिसता, पण आत काळजी असते.' 'तुमच्यात बरंच काही आहे, ते अजून पुरतं वापरलं गेलेलं नाही.' या मुलीचा चेहरा बघा. आता मागच्या बाकावरचा मुलगा आपली चिठ्ठी मोठ्यानं वाचतोय.

(हशा.)

सगळ्यांची एकच चिठ्ठी. बर्ट्रम फोररनं 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता. वाक्यं बरीचशी फुटपाथवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातली. वर्णन किती जुळतं, याला मुलांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. मोबाइलवरच्या 'तुम्ही कोणत्या टाइपचे?' छापाच्या चाचण्या बऱ्याचशा याच भांडवलावर चालतात. माणसांना सोळा डब्यांत टाकणाऱ्या चाचण्यांचा आणखी एक घोळ. स्वभावाचे गुण बहुतेकांचे मधल्या पट्ट्यात येतात. मधोमध रेघ मारली की जेमतेम अलीकडचा आणि जेमतेम पलीकडचा, दोघं वेगळ्या डब्यांत पडतात, एरवी सख्खे भाऊ शोभावेत.

पाच आकड्यांचं तसं नाही, हे आम्हीही मान्य करतो. नीट बांधलेली प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरली तर मोठ्या माणसांचे आकडे बरेचसे तेच येतात. कर्तव्यदक्षतेच्या आकड्याचा कामातल्या कामगिरीशी संबंध असतो, थोडाच, पण निरनिराळ्या कामांत तो दिसतो. 1991 साली बॅरिक आणि माउंट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून ते दाखवलं.

(औद्योगिक वसाहतीचा रस्ता. फाटक. फायली घेतलेली पोरं.)

नोकरीच्या मुलाखतीआधीही असे कागद भरून घेतात, आणि काही पोरं त्यावरच बाहेर राहतात.

(सज्जनगडाच्या पायऱ्या. पाऊस. छत्र्या.)

इथं यायचं कारण एकच. स्वभावाच्या लक्षणांची मराठीतली जुनी आणि लांबलचक यादी समर्थांची आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा, त्याला लागून दुसरा उत्तमलक्षणांचा. यादी वाचताना पहिल्या समासाला शेजारी आठवतो आणि दुसऱ्याला आपण. प्रश्नावली भरणाऱ्याचंही तेच होतं, म्हणून काही प्रश्नावल्यांत सापळ्याची वाक्यं पेरलेली असतात. 'मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही.' 'मी कुणाबद्दल मागे वाईट बोलत नाही.' अशा दहा वाक्यांना जो ठामपणे हो म्हणतो, त्याच्या बाकी उत्तरांकडंही जरा जपून बघतात. 1960 साली क्राउन आणि मार्लो यांनी नुसत्या अशाच 33 वाक्यांची प्रश्नावली केली. वर्गात एकानं सगळ्या सापळ्यांवर पाच-पाच दिले. तो माळकरी आहे, आणि सर म्हणतात की त्याचं खरंही असेल.

(पुन्हा ओटा. संध्याकाळ. दोन कागद.)

मग दुसऱ्याला विचारायचं का? सिमीन वझीर यांनी 2010 साली हे पडताळून पाहिलं. एकाच माणसाबद्दल त्यानं स्वतः भरलेला कागद आणि मित्रांनी भरलेला कागद. बोलका आहे की अबोल, हे दोघांनाही सारखंच कळतं. हुशारीसारख्या गोष्टीत मित्रांचा अंदाज सरस ठरतो. तिथं माणूस स्वतःलाच फसवतो. आणि आतली काळजी, भीती ज्याची त्यालाच नीट माहीत असते.

आत्या आणि तिच्या थोरल्या जाऊबाई. एका घरात बत्तीस वर्षं. आज दोघींनी आत्याबद्दलच कागद भरलाय, एकमेकींचा न बघता. जाऊबाईंना लिहिता येतं, चष्मा मात्र आत्याचा लावलाय. लग्नाकार्याच्या वाक्याला आत्याचे दोन, जाऊबाईंचे पाच. यावर दोघी हसल्या. कामाच्या वाक्याला दोघींचेही चार.

'मला पटकन ताण येतो.'

जाऊबाईंनी एकवर खूण केली आहे. ठळक, दोनदा गिरवून. "हिला? हिला कशाचं काय न्हाय."

हा आत्याचा कागद.

(पाचचा गोल. निवेदन नाही. शेंगा सोलण्याचा आवाज थांबलेला. जाऊबाई कागद चष्म्याजवळ नेतात, मग आत्याकडं बघतात.)

(आत्या कागद काढून घेते, पालथा करते. मागची बाजू कोरी आहे. उद्या तोडणीला येणाऱ्या बायकांची नावं त्यावर लिहायला लागते.)