ढाला: खड्ड्याच्या जागी उभी असलेली टेकडी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत अशनीच्या आघाताचा विषय निघाला, की आठवते ते बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. ग्वाल्हेरपासून थेट दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरवर, शिवपुरी जिल्ह्यातल्या ढाला गावाजवळ मात्र लोणारहून कितीतरी मोठे आणि पुरातन विवर आहे. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर, ढाल्याचा मूळ व्यास सुमारे ११ किलोमीटर असावा, असा अंदाज आहे. तिथे उभे राहिल्यावर खड्डा दिसतच नाही. दिसतात ती शेते, ग्रॅनाइटचे उंचवटे आणि मधोमध सपाट माथ्याची एक टेकडी.

बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटवर अशनी आदळला तेव्हा खडकाच्या ठिकऱ्या उडाल्या, काही भाग वितळला आणि त्या वितळलेल्या रसात तुकडे अडकून थिजले. पुढे त्या खळग्यात वाळू आणि चिखल थराथराने साचत गेला व त्याचाच खडक बनला. भोवतालचा कठडा ऊनपावसाने झिजून गेला, आत साचलेले थर मात्र टिकले, म्हणून जिथे खड्डा होता तिथे आज टेकडी आहे. या कहाणीत मला सर्वांत विलक्षण वाटते ती हीच उलथापालथ. चंद्रावर वारा नाही, वाहते पाणी नाही. तिथली अतिप्राचीन विवरे अजून उघडी आहेत.

ढाल्याची ही रचना ज्वालामुखीची असावी, असे पूर्वी काही अभ्यासक मानत. वाद मिटवला तो क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्या, बारीक कणांनी. खडकाचा पारदर्शक होईल इतका पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्या कणांत एकमेकींना समांतर अशा अतिसूक्ष्म रेषांचे संच दिसतात. त्या उमटण्यासाठी हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे १ लाख पट दाब एका क्षणात यावा लागतो, आणि ज्वालामुखीच्या उद्रेकात असा दाब निर्माण होत नाही. अलाहाबाद विद्यापीठाचे जयंत पति आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पुरावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला.

आघाताचा काळ ठरतो तो दोन खडकांच्या मधल्या जागेवरून. ज्यावर आघात झाला तो ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा, आणि विवर बुजवणारे थर सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे. अशनी कोसळला तो या दोहोंच्या मध्ये केव्हातरी.